पहिला पीसी बांधताय? मग एसएमपीएस घेण्याआधी एवढं वाचा (सांगलीच्या लाईटीसकट)

मी विश्रामबागला राहतो, सांगलीत. पहिला पीसी बांधला तेव्हा सगळा जीव प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डात अडकलेला. एसएमपीएस, म्हणजे ज्याला पॉवर सप्लाय म्हणतात ती डबी, कॅबिनेटसोबत फुकट येते एवढीच माझी अक्कल. दुकानातला म्हणला, "दादा, कॅबिनेटमध्ये ४५० वॅटचा आहेच की, वेगळा कशाला घेताय?" मला पटलं, कारण वाचलेल्या दोन-अडीच हजारात ८ ची रॅम १६ झाली. पाच महिने झक्कास चाललं. मग मे महिन्यात एका संध्याकाळी वळीव आला, लाईट दोनदा गेली-आली, तिसऱ्यांदा आली तेव्हा टेबलाखाली फट्ट असा आवाज, आणि खोलीभर सुकट जळाल्यासारखा वास. एसएमपीएस तर गेलाच, जाताना मदरबोर्डला पण घेऊन गेला. कार्ड वाचलं ते नशीब.

त्यानंतर स्वतःचा परत बांधला, भाच्याचा बांधला, मित्रांचे दोन-तीन बांधले, आणि प्रत्येक वेळी तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. बजेट बिल्ड धरलाय, म्हणजे साधं कार्ड किंवा कार्डच नाही असा. मोठ्या कार्डवाल्यांनी दुसरीकडे बघा.

हाताशी काय ठेवायचं:
- पार्टची यादी, पूर्ण मॉडेल नंबरसकट (नुसतं "आय-थ्री" किंवा "रायझन फाईव्ह" चालत नाही)
- मदरबोर्डचं मॅन्युअल, पीडीएफ असलं तरी चालेल
- फोनमधला कॅल्क्युलेटर
- मल्टिमीटर, किंवा मल्टिमीटर असलेला वायरमन
- फिलिप्स स्क्रूड्रायव्हर
- जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल, हे खरेदीनंतर, पण आधीच डोक्यात ठेवा

१. आधी बेरीज करा, डबी नंतर बघा

पीसीतले दोनच गडी खरे खाणारे असतात, प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड. बाकी मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० वॅट धरा, हार्डडिस्क असली तरी भागतं.

प्रोसेसरचा आकडा बघताना एक गोम आहे. खोक्यावर टीडीपी (किती वॅटचा ते सांगणारा कंपनीचा आकडा) लिहिलेला असतो पण जोर लावल्यावर प्रोसेसर त्याच्या पुढं जातो. आय-थ्री १२१०० एफ चा बेस ५८ वॅट आहे आणि टर्बोला ८९. रायझन ५ ५६०० जी वर ६५ लिहिलंय पण तो ८८ पर्यंत घेतो. आय-फाईव्ह १२४०० एफ तर ६५ चा ११७ होतो. मोठा आकडा धरायचा, नेहमी.

कार्डांचं असं: जीटीएक्स १६५० साधारण ७५ वॅट, आरएक्स ६६०० चे १३२, आरटीएक्स ३०६० चे १७०. सेकंडहँडमध्ये आरएक्स ५८० स्वस्त मिळतं म्हणून पोरं घेतात, ते १८५ खातं, म्हणजे कार्डात वाचवलं ते एसएमपीएसमध्ये घालवलं.

आता भाच्याच्या पीसीची बेरीज: १२१०० एफ चे ८९, आरएक्स ६६०० चे १३२, बाकी ५०. झाले २७१. कार्ड मधेच क्षणभर उसळी मारतं, शिवाय एसएमपीएस सतत पिळवटून चालवायचा नसतो, म्हणून दीडपट धरा, ४०० च्या आसपास येतं, म्हणजे चांगला ४५० चा बास. एएमडी स्वतः पण ६६०० ला ४५० च सांगते. पुढं मोठं कार्ड टाकायचं डोक्यात असेल तर ५५० घ्या. पण "७५० घेऊन टाक, फ्युचरप्रूफ" असं कुणी म्हणलं तर त्याच्या पैशानं घ्या. आणि कार्डच नसेल, ५६०० जी वर नुसतं कॉलेजचं काम असेल, तर बेरीज १४० च्या आत बसते, तिथं चांगल्या कंपनीचा सगळ्यात छोटा मिळेल तो पण पुरून उरतो. सगळा जोर त्या "चांगला" वर आहे, कारण वॅट या शब्दाची किती बेअब्रू झालीय ते पुढच्या पायरीत बघा.

२. लेबल वाचा, खोकं नको

माझा उडालेला एसएमपीएस दुसऱ्या दिवशी मी घराखालच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला. साडेसहाशे ग्रॅम. नवा आणला तो दीड किलोच्या वर भरला. वजन हा काही पक्का पुरावा नाही, पण हातात घेतल्यावर रिकाम्या बिस्किटाच्या डब्यासारखा लागला तर जरा थांबा.

खरा पुरावा बाजूच्या लेबलवर असतो. तिथं एक कोष्टक असतं, ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट अशा रांगा आणि खाली अँपियर. तुम्ही फक्त १२ व्होल्टची रांग बघायची, कारण हल्लीचा प्रोसेसर आणि कार्ड दोघं पण १२ व्होल्टवरच जगतात. अँपियरला १२ नं गुणा. माझ्या जुन्यावर वर ठळक अक्षरात ४५० होतं आणि खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टला १४ अँपियर. चौदा बारे एकशे अडुसष्ट. म्हणजे ४५० च्या नावाखाली मी १६८ वॅट घरी आणले होते, आणि ते पण त्या लेबलवर विश्वास ठेवला तर. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रांगेत फुगवून दाखवलेले, जे आजच्या पीसीला फारसे लागतच नाहीत.

चांगल्या ४५० च्या डबीवर १२ व्होल्टला ३४ ते ३७ अँपियर दिसतात, म्हणजे ४०० च्या पुढं. हा हिशोब जुळला तर पुढं बोला. कुठं कुठं १२ व्होल्टच्या दोन रांगा असतात, १२ व्ही १ आणि १२ व्ही २ अशा, तिथं दोन्हीचे अँपियर सरळ बेरजेला घेऊ नका, खाली दोघांचे मिळून किती वॅट ते वेगळं छापलेलं असतं ते घ्या.

लेबलवरच अजून दोन गोष्टी बघून घ्या. एक, इनपुट. "१००-२४० व्होल्ट" लिहिलंय का "२००-२४०"? याचं महत्त्व पाचव्या पायरीत. दोन, बीआयएस या सरकारी मानक संस्थेची खूण आणि त्याच्याजवळ आर पासून सुरू होणारा आठ आकडी नंबर. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो नंबर टाकला की कुठल्या कंपनीच्या नावावर नोंद आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटाचं काम आहे, करा.

३. ८० प्लसचं स्टिकर

ही कार्यक्षमता आहे, सुरक्षिततेची हमी नाही. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती पुढं पोचते आणि किती गरम होऊन वाया जाते एवढंच ते सांगतं. त्याच्या ब्रॉन्झ, गोल्ड अशा पायऱ्या असतात: अर्ध्या लोडला ब्रॉन्झ ८५ टक्के, गोल्ड ९०.

इथं हमखास होणारा गैरसमज: "ब्रॉन्झ म्हणजे ८५ टक्के, म्हणजे ४५० मधले ३८२ च मिळणार." नाही ओ. ४५० पूर्ण मिळतात, भिंतीतून जास्त खेचले जातात. पार्टना २०० वॅट लागले तर ब्रॉन्झ भिंतीतून साधारण २३५ घेतो, गोल्ड २२२. फरक १३ वॅटचा. रोज सहा तास चालवला तर महिन्याला सव्वादोन-अडीच युनिट. एवढ्यासाठी बजेट बिल्डमध्ये गोल्डला हजार-दीड हजार जास्त घालू नका, ब्रॉन्झ पुरे.

स्टिकर मात्र खोटी पण असतात. "८५ प्लस", "८०+ लेव्हल" असलं काहीतरी छापलेलं मी पाहिलंय. ८० प्लसच्या वेबसाईटवर कंपनीप्रमाणे यादी असते, मॉडेल तिथं सापडलं पाहिजे. सायबेनेटिक्स म्हणून दुसरी एक तपासणारी संस्था आहे, त्यांचे रिपोर्ट पण नेटवर फुकट बघायला मिळतात. कंपनीच्या नावावर जाऊ नका, एकाच कंपनीची एक सिरीज दणकट आणि दुसरी ठीकठाक असं सर्रास असतं, मॉडेलचं पूर्ण नाव टाकून रिव्ह्यू शोधा आणि त्यात तो उघडून, लोड देऊन तपासलाय का ते बघा. खोकं उघडून "लुक एकदम प्रीमियम आहे गाईज" म्हणणारा व्हिडिओ रिव्ह्यू न्हवे.

४. पिना मोजा

मदरबोर्डला २४ पिनची मोठी केबल लागते. प्रोसेसरला वेगळी ४ किंवा ८ पिनची, ही बहुतेक ४+४ अशी तुटणारी येते. कार्डाला ६ किंवा ८ पिन. कार्डाचं गणित असं की स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५०. म्हणून १६५० मधली बरीच कार्डं बिनकेबलची चालतात आणि ६६०० ला ८ पिन लागते. एसएमपीएसला ६+२ अशी केबल आहे का ते घ्यायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

नसेल तर दुकानदार काय करतो? खिशातून एक कनव्हर्टर काढतो, मोलेक्स (जुना चार पिनचा कनेक्टर) टू ८ पिन, ऐंशी-शंभर रुपयाला. घेऊ नका. ज्या डबीला कंपनीनं ती केबल दिलीच नाही ती डबी त्या कार्डासाठी बनलेलीच नाही, कनव्हर्टर लावून तिच्यात ताकद येत नाही, वायर तेवढी गरम होते. मोलेक्स टू साटावाले (साटा म्हणजे हार्डडिस्कला लागणारी पिन) जे एकसंध प्लास्टिकच्या ठोकळ्यासारखे कनेक्टर असतात ते पण टाळा, आतल्या आत शॉर्ट होऊन जळण्यासाठी प्रसिद्ध आहेत ते.

अजून एक. प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन दिसायला बहिणी बहिणी वाटतात, पण त्यांची प्लस-मायनसची बाजू उलटी असते. कनेक्टरचा आकार थोडा वेगळा केलाय म्हणून सहज बसत नाही, तरी जोर लावून बसवणारे बहाद्दर आहेत. बसत नसेल तर केबल चुकलीय, अंगठा दुखेपर्यंत दाबायचं नाही. तसंच मॉड्युलर एसएमपीएसच्या, म्हणजे केबल सुट्या निघणाऱ्या, केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. भोकं जुळतात पण आतली जोडणी प्रत्येकाची वेगळी. हार्डडिस्क जागेवर जाते.

ऑफिसमधून निघालेला जुना डेल, एचपी, लेनोवो घेऊन त्यात कार्ड टाकायचा बेत असेल तर आधी झाकण उघडून बघा. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांना २४ पिन नसतेच, त्यांची स्वतःची वेगळी पिन असते आणि डबीचा आकार पण वेगळा. बाजारातला एटीएक्स, म्हणजे नेहमीच्या ठरलेल्या मापाचा, एसएमपीएस त्यात बसत नाही. एटीएक्सचं माप १५० बाय ८६ मिलिमीटर, लांबी १४० पासून पुढं. साध्या कॅबिनेटात बसतो, सडपातळ कॅबिनेट असेल तर मोजून घ्या.

५. घरची लाईट

हे बाहेरच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही कारण त्यांच्याकडं हा प्रश्नच नाही. माझ्या मते निम्मे एसएमपीएस इथं मरतात.

पहिलं अर्थिंग. पीसी चालू असताना अनवाणी पायानं कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर एसएमपीएस खराब आहे म्हणून बदलायला पळू नका. बहुतेक एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटला जोडलेले असतात, त्यातनं होणारी बारीकशी गळती अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंगच नसलं की कॅबिनेट निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत बसतं. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसतं झिणझिणतं. पण ज्या दिवशी आत खरंच काही शॉर्ट होईल त्या दिवशी तो करंट जायला वाट नसणार, तुमच्याशिवाय.

गावभागातल्या जुन्या घरात मी तीन पिनांचा सॉकेट बघितलाय ज्याच्या वरच्या मोठ्या भोकात मागं वायरच नव्हती. दिसायला तीन पिन, आत दोनच. वायरमनला बोलवा, त्याला सांगा फेज आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावा, २३० च्या जवळ आलं पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर नको. आणि न्यूट्रललाच अर्थ जोडून देतो म्हणणारा वायरमन असेल तर चहा पाजून परत पाठवा, उद्या न्यूट्रल तुटला की सगळं कॅबिनेट फेजवर येतं.

दुसरं व्होल्टेज. भाचा तासगावच्या पुढं वस्तीवर राहतो, द्राक्षबाग आहे. मोटरी चालू झाल्या की घरात मीटरवर १८० दिसतात, कधी १७०. त्यानं पीसी घ्यायच्या आधी मला फोन केला, "मामा, ट्यूबलाईट लुकलुकती तिथं पीसी चालंल का?" चालतो, पण लेबलवर इनपुट १००-२४० वाला घेतला म्हणून. असा एसएमपीएस १७० ला पण कुरकुर न करता चालतो. २००-२४० वाला तिथं ऐन गेममध्ये बंद पडतो आणि पोरगं कार्डाला दोष देत बसतं. स्टॅबिलायझरचा खर्च वाचला त्याचा.

तिसरं इन्व्हर्टर. आपल्याकडं बऱ्याच घरात आहे. त्याच्यावर पीसी लावणार असाल तर इन्व्हर्टर साईनवेव्ह आहे का स्क्वेअरवेव्ह ते आधी बघा. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं आणि त्याला चौकोनी लाट मानवत नाही, कधी बंद पडतो, कधी गुणगुणतो. साईनवेव्ह असेल तर मागं किंवा पुढं यूपीएस मोडचं बटण असतं, ते यूपीएसवर ठेवा. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टर काही मिलिसेकंद घेतो, साध्या मोडला हा वेळ ३०-४० च्या घरात जातो, आणि एसएमपीएस लाईटीशिवाय श्वास धरून राहू शकतो तो जेमतेम १६ मिलिसेकंद. म्हणून घरातले पंखे चालू राहतात आणि पीसी तेवढा रिस्टार्ट होतो.

वेगळा यूपीएस घेणार असाल तर त्याच्यावर लिहिलेले व्हीए आणि वॅट एक नाही हे लक्षात ठेवा, ६०० व्हीए चे बहुतेक ३६० वॅटच असतात. पीसी आणि मॉनिटर मिळून ३०० खात असेल तर तो सेव्ह करून बंद करायपुरताच आहे.

आणि वीज कडाडायला लागली की प्लग काढा. बटण बंद करणं वेगळं, प्लग काढणं वेगळं. वायफायच्या राउटरकडून येणारी वायर पण.

६. घेताना

ऑनलाईन, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, का आपल्या इथलं दुकान, तिन्ही चालतं. मी एसएमपीएस गावातच घेतो, दोनशे-तीनशे जास्त गेले तरी, कारण तो जड असतो आणि वॉरंटीला कुरियर करायचं म्हणजे डोक्याला ताप. तीन वर्षाची तरी वॉरंटी असलेलाच घ्या, पाच मिळाली तर सोनं. वॉरंटी कंपनीची का दुकानाची ते बिलावर लिहून घ्या. "माझ्याकडं आणा, बघतो मी" ही वॉरंटी नसते, माझ्याबाबतीत तो दुकानदार बघतो बघतो म्हणत अजून बघतोय.

दुकानात "चेक करून देतो" म्हणून पेपरक्लिपनं हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवतात. त्यावरून डबी जिवंत आहे एवढंच कळतं. लोडवर काय करेल ते कळत नाही.

सेकंडहँडमध्ये कार्ड घ्या, रॅम घ्या, प्रोसेसर तर बिनधास्त घ्या. एसएमपीएस नको. आतले कपॅसिटर वयाबरोबर सुकत जातात आणि बाहेरून काही दिसत नाही. आणि सांगलीत २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांच्याकडं अजून माळ्यावर पाण्यात बसलेले पीसी आहेत. "वाळवलाय, चालू होतोय" असं सांगून कुणी त्यातला एसएमपीएस देत असेल तर पाहुणा असला तरी नाही म्हणा.

७. बसवताना

पाठीमागं लाल रंगाचा ११५/२३० चा छोटा सरकता स्विच असेल तर सगळ्यात आधी तो २३० वर आहे का बघा. ११५ वर असताना आपल्या सॉकेटला लावलात तर दिवाळी. (चांगल्या नव्या डब्यांना हा स्विच नसतोच, त्या आपोआप जुळवून घेतात, म्हणून हा स्विच दिसला की मी तशी पण डबी परत ठेवतो.)

कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर पंखा खाली तोंड करून, नसेल तर आतल्या बाजूला. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, उसाच्या सीझनला रस्त्यावरची सगळी धूळ तिथूनच आत जाते. पॉवर कॉर्ड डबीसोबत आलेलीच वापरा किंवा आयएसआयची घ्या, ड्रॉवरमध्ये पडलेली सुतळीसारखी बारीक कॉर्ड नको.

स्क्रू चार. एसएमपीएस स्वतः मात्र कधीच उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट डीसी साठलेले असतात, आणि प्लग काढल्यावर पण ते काही वेळ तसेच राहतात. धूळ बाहेरूनच ब्लोअरनं उडवा, पंख्याला काडी लावून धरा म्हणजे तो गरागरा फिरणार नाही.

८. पहिली चाचणी संध्याकाळी

सगळे लोक दुपारी पीसी जोडतात, चालू झाला की फोटो टाकतात. तुम्ही संध्याकाळी सात-साडेसातला बघा, जेव्हा गल्लीतल्या सगळ्या टीव्ही, मिक्सर, मोटरी एकदम चालू असतात. एचडब्ल्यूइन्फो (व्होल्टेज वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका, एखादा जड गेम अर्धा तास चालवा आणि १२ व्होल्टचा आकडा बघत राहा. ११.४ ते १२.६ च्या मधे पाहिजे. सॉफ्टवेअरचा आकडा थोडा इकडं तिकडं दाखवतो, शंका आली तर लगेच मदरबोर्डवर खापर फोडू नका, मोकळ्या मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत मल्टिमीटर लावून खात्री करा. चाचणी चालू असताना मागं हात धरा, कोमट हवा आली तर ठीक, वार्निशसारखा वास पहिले एक-दोन दिवस येऊ शकतो, पण सुकट जळाल्यासारखा आला तर सरळ भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद.

आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. माझं बिल थर्मल कागदावरचं होतं, पाच महिन्यांनी ड्रॉवरमधून काढलं तर कोरा कागद.